शाळेत पालकांचा शब्द चालतो तेव्हा

जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळच्या वेळी एखाद्या गावात शिरावं आणि लाउडस्पीकरवरून दर गाण्यानंतर माणसांची नावं आणि रकमा ऐकू याव्यात, तर खुशाल समजावं की जिल्हा परिषदेच्या शाळेचं गॅदरिंग रंगात आलं आहे. दुसरीच्या मुलींनी कोळीगीत केलं, त्यांना कुणाकडून एक्कावन्न रुपये. चौथीच्या पोवाड्याला कुणाकडून एकशे एक. मंडप एका पालकाने घातलेला, वायरिंग दुसऱ्याने केलेली, साउंडवाल्याने निम्म्या भाड्यावर भागवलेलं. नऊवारी साड्या, नथी आणि फेटे घराघरांतल्या ट्रंकांतून बाहेर निघालेले. सरकारी अनुदानातून एवढा खर्च निघत नाही, तो गाव उचलतं. बक्षिसांची रक्कम पुष्कळ ठिकाणी शाळेच्याच कामी येते. त्यातून कधी वर्गात पंखा लागतो, कधी पुस्तकांचं कपाट येतं, कधी मैदानावर चार ट्रॉल्या मुरूम पडतो. कशाची निकड आधी, हे ठरवायला आणि हिशेब मांडायला मग शाळा व्यवस्थापन समिती बसते.

शहरातल्या खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. पण महाराष्ट्रात शासनाच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मिळून सुमारे ६५ हजार शाळा आहेत, आणि तिथे पालकांच्या सहभागाला कायद्याचं बळ आहे. हा कायदा म्हणजे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ ने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. महाराष्ट्रात समिती साधारण १२ ते १६ जणांची असते. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच निवडले जातात, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. उरलेल्या जागांवर स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली गावातली व्यक्ती येते. शिवाय दोन विद्यार्थी घेतले जातात आणि त्यांत एक तरी मुलगी असावी लागते. मुदत दोन वर्षं, बैठक दर महिन्याला.

यापूर्वीही ग्रामशिक्षण समित्या होत्या. गावच्या शाळेकडे गावातल्या प्रतिष्ठितांनी लक्ष द्यावं, अशी त्यांची कल्पना होती. नव्या कायद्याने हा हक्क प्रतिष्ठितांकडून काढून पालकांना दिला, आणि हा बदल फार मोठा होता. ज्याचं मूल त्या बाकावर बसतं, त्याच माणसाला शाळेचा विकास आराखडा करण्याचा आणि आलेला पैसा कुठे गेला हे विचारण्याचा अधिकार मिळाला. मोलमजुरी करणारी आई आणि शाळेचे मुख्याध्यापक एकाच प्रोसिडिंगच्या वहीत सही करू लागले.

पैसा असतो तरी किती? समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाकाठी संयुक्त अनुदान मिळतं आणि ते पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात विजेचं बिल, खडू-फळा, नळाची तोटी आणि किरकोळ दुरुस्ती. प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी ५ हजार आणि ग्रंथालयासाठी ५ हजार, एवढीच आणखी तरतूद. पंचवीस मुलांच्या वस्तीशाळेचा वर्षाचा संसार एवढ्यात चालवायचा, तर समितीतल्या पालकांना काटकसर नव्याने शिकवावी लागत नाही. घरी ते रोज तेच करत असतात.

म्हणून वर्षभरातल्या बहुतेक उपक्रमांमागे पालकांचं मनुष्यबळ उभं असतं. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा प्रवेशोत्सव होतो. पहिलीच्या मुलांची सजवलेल्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून मिरवणूक निघते, कागदावर त्यांच्या इवल्या पावलांचे रंगीत ठसे घेतले जातात. गाडी पालकांची, गोड जेवणाला हातभारही पालकांचा. ऑगस्टमध्ये वृक्षारोपण असतं. रोपं शाळेला मिळतात, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना पाणी घालायला शेजारच्याच घरातलं कुणीतरी लागतं. हिवाळ्यात सहल निघते. शालेय सहलींना एसटी महामंडळ भाड्यात निम्मी सवलत देतं, तरी उरलेली निम्मी रक्कम काही घरांना जड जाते. कुणाचं मूल पैशापायी मागे राहणार आहे हे समितीतल्या बायांना नेमकं ठाऊक असतं, आणि कित्येकदा त्या मुलाच्या वाट्याची रक्कम गाजावाजा न होता भरलेली असते.

या सगळ्यांत मुलांना सर्वांत जास्त रमवणारा उपक्रम म्हणजे बाल आनंद मेळावा, काही गावांत त्याला बालबाजार म्हणतात. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात मुलांचाच आठवडी बाजार भरतो. घरच्या रानातली मेथी, वांगी, शेवगा, आईने करून दिलेली भेळ, वडे, ताक, चिंचेच्या गोळ्या. विकणारी मुलं, तोलणारी मुलं आणि घासाघीस करायला आलेला सगळा गाव. पंचवीस रुपयांच्या भाजीवर पन्नासची नोट आली की सुट्टे किती परत द्यायचे, हे तिसरीतल्या मुलाला तिथल्या तिथे सांगावं लागतं. पुस्तकातली वजाबाकी अशी हातात येते. शिक्षकांनी कितीही मनावर घेतलं तरी आदल्या रात्री चुलीपुढे बसणारी आई आणि सकाळी भाजीची जुडी बांधून देणारा बाप नसेल, तर हा बाजार भरत नाही.

पण समितीचं काम उत्सवांपुरतं मानणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. तिच्या हाती ठोस निर्णय दिला की काय होतं आणि तो काढून घेतला की काय होतं, हे गणवेशाच्या प्रकरणात उभ्या महाराष्ट्राने पाहिलं. मोफत गणवेशाचे पैसे अनेक वर्षं समितीकडे येत. दोन गणवेशांचे एका मुलामागे ६०० रुपये. एवढ्यात कापड कुठलं, शिंपी कोण, कुणाच्या अंगाला माप मोठं ठेवायचं, हे गावातच ठरे. २०२४-२५ साठी राज्याने धोरण बदललं. कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि शिलाईचं काम महिला बचत गटांकडे सोपवलं गेलं. हेतू राज्यभर एकसारख्या गणवेशाचा होता. प्रत्यक्षात सत्र सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नाहीत, आणि जे पोचले त्यांतले कित्येक अंगाला बसत नव्हते. तक्रारींचा ओघ वाढला, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीनेच घ्यायचं ठरलं. आपल्या गावातल्या पोरांची उंची मंत्रालयापेक्षा गावच्या शिंप्याला जास्त ठाऊक असते, एवढी साधी गोष्ट एका पूर्ण वर्षाचा खोळंबा करून सिद्ध झाली.

दुपारच्या जेवणाचंही तसंच. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा पोषण आहाराचा दंडक आहे. ताटं वाढण्यापूर्वी शिक्षकाने आणि शक्य तिथे पालकाने जेवण चाखून चव रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. रजिस्टर भरलं जातंच, पण एखादी आई खरोखर येऊन खिचडीचा घास घेते त्या दिवशी डाळ निवडली गेली होती की नाही हे तिला लगेच कळतं. कुठल्याही तपासणी पथकाकडे एवढी तयार जीभ नसते.

२०२३ च्या नोव्हेंबरात राज्याने मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायला सुरुवात केली आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवण्यात आला. अंडं द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं गेलं. पालकांच्या हाती निर्णय देण्याची ही पद्धत मात्र चुकीची आहे. जिथे बागायती आहे, नोकरदार आहेत, तिथली समिती वर्गणी काढून अंडी सुरू ठेवू शकते. आदिवासी पाड्यावरची समिती कुणाकडे वर्गणी मागणार? अंड्याची सर्वाधिक गरज तिथल्याच मुलांना. सरकारी खर्चावर लक्ष ठेवणारी समिती सरकारी खर्चाची जागा घेऊ लागली, तर गरीब गावातली शाळा आणखी गरीब होते.

समितीची सर्वांत अवघड कसोटी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत लागते. दसरा-दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रक भरून कुटुंबं कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती मार्च-एप्रिलनंतर परततात. मुलं आईबापांबरोबर गेली की शाळा बुडते, नवव्या-दहाव्या वर्षी हातात कोयता येतो, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम गळ्यात पडतं. यावर तोडगा म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली आणि ती चालवण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. मूल गावातच, आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं. दुपारचं जेवण पोषण आहारातून मिळतं, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय समिती बघते. कुठली कुटुंबं जाणार याची यादी करणं, निघण्याच्या आधी घरोघर जाऊन लेकरू मागे ठेवा म्हणून आईबापांची समजूत काढणं, स्वयंपाकाला बाई बघणं, किराण्याचा हिशेब ठेवणं, रात्री आजारी पडलेल्या मुलाला दवाखान्यात नेणं, हे सगळं गावात मागे उरलेल्यांनी करायचं. इतरांच्या मुलांचे पाच-सहा महिने पालक व्हायचं असतं, आणि ते केल्याबद्दल समितीतल्या कुणाला मानधन मिळत नाही.

अलीकडच्या काळात आयांचा सहभाग आणखी एका वाटेने वाढला. कोविडची दोन वर्षं शाळा बंद राहिल्यावर, २०२२ मध्ये राज्याने ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान घेतलं. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावा भरतो, तिथे नाव नोंदणीपासून शारीरिक विकास, भाषा आणि गणनपूर्व तयारीपर्यंत सात टेबलं मांडलेली असतात. मूल एकेका टेबलावर छोटे खेळ खेळत जातं आणि आई सोबत असते. नंतर वस्तीतल्या चार-पाच आयांचे माता गट होतात. मोबाइलवर आठवड्याला सोपे उपक्रम येतात. भाज्यांचे गट कर, वाट्या लहान-मोठ्या क्रमाने लाव, चित्र बघून गोष्ट सांग. स्वतः चौथी-सातवीपर्यंतच शिकलेली बाई ओट्यावर पोरं गोळा करून हे घेते. शाळेच्या फाटकाशी दप्तर देऊन परत फिरणारी आई आता वर्गात काय चाललंय ते बाईंना विचारते.

सगळीकडे असं घडतं, असं नाही. अनेक समित्या कागदावरच जिवंत असतात. बैठक दुपारी ठेवली की मजुरीवर जाणाऱ्याचा खाडा होतो, म्हणून तो येत नाही. मग प्रोसिडिंगची वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा येऊन बसतो. अध्यक्षपदाच्या निवडीत गावचं राजकारण शिरतं आणि दोन गटांच्या भांडणात शाळेचे गळके पत्रे तसेच राहतात. यावर चांगल्या मुख्याध्यापकांनी शोधलेले उपाय साधे आहेत. बैठक कामावरून परतल्यावर संध्याकाळी घ्यायची, खर्चाचा तपशील फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा, बायकांना आधी बोलू द्यायचं. पैसे कुठे गेले हे डोळ्यांना दिसलं की लोक पुन्हा यायला लागतात. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये टी४ एज्युकेशन संस्थेच्या जागतिक स्पर्धेत लोकांच्या मतांवर पुरस्कार घेऊन आली. अशा शाळांचं कौतुक होताना शिक्षकांचं नाव पुढे येतं, ते योग्यच आहे. पण शिक्षकाच्या पाठीशी वस्ती उभी नसेल तर त्याचा एकट्याचा उत्साह त्याच्या बदलीबरोबर संपतो.

यापुढचा प्रश्न पटाचा आहे. राज्यात वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा हजारोंनी आहेत. २०२३ मध्ये त्या जवळच्या मोठ्या समूह शाळांत विलीन करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा अनेक गावांतून विरोध झाला. वाहन मिळेल, प्रयोगशाळा मिळेल, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, ही समूह शाळेची बाजू खरी आहे. नऊ मुलांच्या शाळेत समितीपुरते पालक जमवणंही कठीण, हेही खरं. पण पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असं राज्याचे शिक्षण हक्काचे नियम सांगतात, आणि त्या अंतराचा पालकांच्या सहभागाशी थेट संबंध आहे. शाळा हाकेच्या अंतरावर असते तोवर रानातून परतणारी बाई बैठकीला डोकावू शकते, खिचडी चाखू शकते, गॅदरिंगच्या मंडपाला हात लावू शकते. शाळा सात-आठ किलोमीटर लांब गेली की मुलांसाठी गाडी येईल, पण तिच्यासाठी येणार नाही. विलीनीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावात मुलांच्या वाहतुकीचा खर्च मांडला जातो. त्याच कागदावर पालक तिथवर कसे पोचणार, याचाही रकाना असायला हवा, आणि तो भरायला त्या वाडीच्या समितीलाच सांगायला हवं.