आळस की अडचण? पाल्याच्या मूल्यमापनाची मागणी कशी करावी

सहामाही परीक्षेचे निकाल हाती आले की अनेक घरांत तोच संवाद ऐकू येतो. “तोंडी विचारले तर सारे येते, लिहायला बसला की बिघडते. लक्षच नाही त्याचे!” मग आई शिकवणी बदलते, वडील मोबाइल काढून घेतात, आजी दृष्ट काढते. पुढच्या परीक्षेतही वहीची पाने लाल शाईने भरलेलीच येतात. या काळात मूल एक गोष्ट मात्र पक्की शिकते, ती म्हणजे ‘मला काही येत नाही’. हा समज एकदा मनात रुजला की तो काढणे पाढे शिकवण्याहून कितीतरी कठीण असते. म्हणूनच अशा मुलाच्या अडचणीचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन वेळेवर व्हावे, आणि त्याची मागणी पालकांनी लेखी करावी.

अडचण कशी ओळखावी?

वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखाद्या क्षेत्रात मुलाची प्रगती त्याच्या बुद्धीच्या मानाने फार मागे राहत असेल, तर त्यामागे विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते. वाचनाशी निगडित अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाशी निगडित अडचणीला डिस्ग्राफिया आणि गणिताशी निगडित अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. अशा मुलांची बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असते, त्यामुळेच घरच्यांना त्यांचे अपयश आळसाचे वाटते.

मराठीत ही अडचण स्वतःच्या खुणा घेऊन येते. जोडाक्षरे सुटतात, रफार चुकीच्या अक्षरावर चढतो, काना-मात्रा गळतात, फळ्यावरील मजकूर उतरवून घेताना ओळच हरवते. आपल्या अंकांची नावेही अशा मुलाची परीक्षा पाहतात. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दोन आधी येतो. मग पंचविसाचे ५२ होतात आणि ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिले जातात. पाठशाळेत केवळ ऐकून लांबलचक स्तोत्र मुखोद्गत करणारे मूल तेच स्तोत्र पुस्तकातून वाचताना ओळीओळीला अडखळत असेल, तर ती खूण दुर्लक्षू नये.

पहिलीतले मूल अक्षर उलटे लिहिते म्हणून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. पुरेसा सराव होऊनही अडचण वर्षानुवर्षे टिकून आहे का, हे पाहावे. घरात गुजराती, मारवाडी किंवा कन्नड आणि शाळेत मराठी वा इंग्रजी अशी स्थिती असेल, तर अडचण केवळ नव्या भाषेत आहे की सर्वच भाषांत, याचीही नोंद ठेवावी. ही माहिती तपासणाऱ्या तज्ज्ञांना फार उपयोगी पडते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते आता २१ झाले असून त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही समावेश आहे. या कायद्याच्या कलम १६ नुसार शासनाकडून अनुदानित किंवा मान्यताप्राप्त अशा प्रत्येक शाळेने मुलांमधील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय योजले पाहिजेत. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांची तरतूद कलम १७ मध्ये आहे. तेव्हा मूल्यमापन मागताना पालक शाळेकडे मेहेरबानी मागत नसतात. शाळेने करावयाचे काम ते तिच्या नजरेस आणून देत असतात.

मागणीचा मार्ग

प्रथम पुरावा जमवावा. गेल्या वर्ष-दीड वर्षातील वह्यांची काही पाने, उत्तरपत्रिका, प्रगतिपुस्तके आणि घरी केलेल्या निरीक्षणांची तारीखवार नोंद एका धारिकेत ठेवावी. ‘अभ्यास करत नाही’ असे मोघम लिहू नये. ‘दहा ओळींचा उतारा वाचण्यास वीस मिनिटे लागली’ अशी नेमकी नोंद करावी.

त्यानंतर वर्गशिक्षकांची भेट घ्यावी. सूर तक्रारीचा नसावा, “आपल्याला वर्गात काय दिसते?” असे विचारावे. शिक्षक तीस-चाळीस मुलांसोबत आपले मूल पाहत असतात, त्यामुळे त्यांची दृष्टी मोलाची असते.

तिसरी पायरी लेखी अर्जाची. तोंडी झालेले बोलणे विसरले जाते, अर्ज मात्र नोंदीत राहतो. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी. मजकूर पुढीलप्रमाणे असू शकतो:

“माननीय मुख्याध्यापक यांस, स. न. वि. वि. माझा पाल्य आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकत असून गेली दोन वर्षे त्याला वाचन व लेखनात सातत्याने अडचण येत आहे. तोंडी उत्तरे तो समाधानकारक देतो, परंतु लेखी कामात मागे पडतो. वह्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शाळेमार्फत त्याची प्राथमिक पडताळणी व्हावी आणि आवश्यकतेनुसार अधिकृत रुग्णालयात तपासणीसाठी पत्र मिळावे, ही विनंती. यास माझी संमती आहे. झालेली कार्यवाही कृपया लेखी कळवावी.”

समग्र शिक्षा योजनेखाली तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे तज्ज्ञ असतात. त्यांचेही मार्गदर्शन घ्यावे. अंगणवाड्या तसेच शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून आरोग्य तपासणी होते आणि गरजेनुसार त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

तपासणीत काय होते?

सर्वप्रथम डोळे आणि कान तपासले जातात, कारण साध्या चष्म्याने सुटणारा प्रश्नही कधी कधी अभ्यासाचा प्रश्न म्हणून पुढे येतो. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ जन्मापासूनचा वृत्तांत विचारतात, मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात आणि वाचन, लेखन व गणिताच्या प्रमाणित चाचण्या घेतात. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच यासाठी वापरला जातो. हे सारे एका दिवसात उरकत नाही. अनेक खेपा घालाव्या लागतात.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नायर रुग्णालय येथे ही तपासणी होते. अन्य जिल्ह्यांतील पालकांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात अधिकृत केंद्राची चौकशी करावी. प्रमाणपत्र आणि ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करता येते. खासगी तज्ज्ञांचा अहवाल उपचारात्मक अध्यापनासाठी उपयोगी असतो, परंतु बोर्डाच्या सवलतींसाठी अधिकृत वैद्यकीय केंद्राचेच प्रमाणपत्र लागते. खासगी मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडील त्यांचा नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा.

२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळते, १४ व्या व १८ व्या वर्षी फेरतपासणी होते आणि १८ व्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे असते. या सूचना २०२४ मध्ये सुधारण्यात आल्या आहेत, म्हणून सध्याचा नियम केंद्रातच विचारून घ्यावा. मदत सुरू करण्यासाठी मात्र प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. बोलण्यास उशीर, ऐकण्यातील दोष किंवा स्वमग्नतेची लक्षणे दिसल्यास तर एक दिवसही दवडू नये.

तपासणीला नेण्यापूर्वी मुलाशी मोकळेपणाने बोलावे. “तुझी परीक्षा नाही, तुला कसे शिकवले तर सोपे जाईल, ते डॉक्टर शोधणार आहेत,” एवढे सांगितले तरी त्याचा जीव भांड्यात पडतो.

टाळाटाळ झाली तर?

काही शाळा “घरी अभ्यास घ्या” म्हणून अर्ज बाजूला ठेवतात. अशा वेळी अर्जाची पोच जोडून गटशिक्षणाधिकारी वा शिक्षणाधिकारी यांच्याकडे दाद मागावी. तेथेही दखल घेतली गेली नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. शाळा हालचाल करत नाही म्हणून रुग्णालयात जायचे थांबू नये; ती वाट पालकांना स्वतंत्रपणे मोकळी असते.

अहवाल हाती आल्यावर

अहवाल कपाटात ठेवण्यासाठी नसतो. त्याच्या आधारे विशेष शिक्षकांकडून नियमित उपचारात्मक अध्यापन सुरू करावे आणि शाळेकडे वर्गातील व परीक्षेतील सवलती लेखी मागाव्यात. दहावीच्या सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातात. त्यांची कागदपत्रे नववीतच पूर्ण करावीत, दहावीच्या तोंडावर धावपळ होऊ देऊ नये.

आपल्या समाजात दोन विचार पालकांचे पाय मागे खेचतात. एक म्हणजे, “शिक्का बसला तर उद्या सोयरिकीत अडचण येईल.” तपासणी न केल्याने मुलावरचा शिक्का टळत नाही. ‘ढ’ आणि ‘आळशी’ हे शिक्के वर्गात आधीच बसलेले असतात आणि निदान झाल्यावर ते पुसता येतात. दुसरा विचार, “नाही शिकला तरी दुकान आहेच.” दुकानही आज हिशेब, करभरणा आणि पत्रव्यवहार यांवरच चालते, आणि गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला स्वतःविषयी विश्वास नसेल, तर वडिलार्जित व्यवसायही त्याला ओझे वाटतो.

येत्या पालकसभेला जाताना पिशवीत वह्यांच्या प्रती आणि सही केलेला अर्ज असू द्यावा. तो देण्यासाठी दिवाळीची किंवा वार्षिक परीक्षेची वाट पाहू नये. आपले मूल गेले कित्येक महिने प्रत्येक तासाला आपल्या अडचणीशी एकटेच झगडत आहे, एवढे ध्यानात ठेवावे.