घाटावरच्या भिंती, घाटाखालच्या भिंती

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि लोकांच्या बोलण्यातही ते तसेच आहेत. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर म्हणजे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा म्हणजे घाटावर. रस्त्यावरची अक्षरे आणि चित्रे पाहणाऱ्यानेही सुरुवात इथूनच करावी, कारण भिंत बदलली की तिच्यावरचे लिखाणही बदलते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या भिंतीला लोणा लागतो, चुन्याचे पोपडे सुटतात आणि त्यांच्याबरोबर अक्षरेही गळून पडतात. घाटावर दगड हाताशी असल्याने खडबडीत दगडी भिंती जास्त भेटतात. रंग त्यांच्या खोबणीत मुरून बसतो, पण सरळ रेघ काही निघत नाही. सपाट, गिलावा केलेली, रस्त्याच्या तोंडावरची भिंत दोन्हीकडे दुर्मीळ, म्हणून तिच्यावर सगळ्यांचाच डोळा.

न्यूयॉर्क किंवा बर्लिनच्या छायाचित्रांत दिसते तशी स्प्रेच्या डब्यांनी केलेली ग्राफिटी इथे शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. चुना, गेरू, नीळ, कोळसा, पावडर रंग आणि तैलरंग यांनी केलेले लिखाण मात्र फाट्या-फाट्यावर सापडते: बियाण्याची जाहिरात, पुढाऱ्याचे नाव, ‘जय जिजाऊ’, ‘जय भीम’, शेगावच्या वाटेवरचा ‘गण गण गणात बोते’, शाळेच्या कुंपणावरचा पाढा, लग्नघरावरचा गणपती, मूळव्याधीवरच्या खात्रीशीर उपचाराचा पत्ता आणि गल्लीच्या टोकाला कोळशाने ओढलेले तीन स्टंप. हा पसारा वाचायचा तर दोन प्रश्न पुरतात. भिंत कोणाची आणि लिहिले कोणी? दोन्हींचे उत्तर एकच निघाले तर तो गृहस्थाचा हौसेचा किंवा श्रद्धेचा मामला असतो. उत्तरे वेगळी निघाली की त्यामागे सौदा असतो, संमती असते, दडपण असते, नाहीतर चोरी तरी असते.

चोरीचे या मुलखातले सर्वांत नावाजलेले उदाहरण जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला निघालेला जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी लेण्यांपाशी पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या एका रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. आज ती सही डोक्याच्या बरीच वर दिसते, कारण त्या वेळी लेण्यात मातीचा आणि दगडगोट्यांचा ढीग साचला होता आणि स्मिथ त्याच्यावर उभा होता. म्हणजे त्या सहीवरून लेणे तेव्हा किती बुजले होते, हेही कळते. विद्रूपीकरणाचा प्रकारही असा पुरावा होऊन बसतो. तरी त्याचे कौतुक करण्याचे कारण नाही. किल्ल्यांवर, समाध्यांवर आणि जुन्या देवळांवर खिळ्याने नावे कोरणारी जोडपी स्मिथचीच परंपरा चालवतात. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या संरक्षित स्मारकावर असे काही करणाऱ्याला १९५८ च्या स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

भिंतीवर पोट असलेला माणूस म्हणजे पेंटर. त्याची कारागिरी जवळून पाहण्यासारखी असते. आधी भिंतीला चुन्याचा हात दिला जातो. तो वाळला की दोरी मारतात. गेरूत किंवा निळीत घोळवलेली सुताची दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मधे चिमटीत पकडून मागे ओढायची आणि सोडून द्यायची. भिंतीवर आडवी रेघ उमटते. रोमन लिपी लिहिणारा रंगारी अक्षर खालच्या रेघेवर उभे करतो, देवनागरी लिहिणारा ते वरच्या रेघेला टांगतो. त्यामुळे शिरोरेषेची दोरी आधी, तळाची नंतर. वेलांट्या-मात्रांसाठी वर आणि उकारांसाठी खाली जागा राखावी लागते. ‘कृषी’तला ऋकार आणि वेलांटी, ‘केंद्र’मधला मात्रा-अनुस्वार आणि द्र एका ओळीत आले की कच्च्या हाताची तिथेच परीक्षा होते. मग खडूने अक्षरांचा कच्चा आराखडा. सराईत पेंटर शेवटचे अक्षर आधी मापून घेतो. ज्याने मापले नाही त्याची ओळ उजवीकडे जाता जाता आक्रसते, ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ दाराच्या चौकटीला घासतो आणि पुढचा शब्द खिडकीखाली घरंगळतो. अशा भिंती हसण्यावारी नेऊ नयेत. ओळ कुठे आवळली आहे त्यावरून पेंटरने काम कोणत्या टोकाने सुरू केले आणि त्याची चूक त्याला केव्हा कळली, ते वाचता येते.

रंग भरताना चपटा ब्रश तिरका धरला की उभी रेघ जाड आणि वळण बारीक येते. गोलाईची अक्षरे स्वस्तात होतात. ठोकळ्याची अक्षरे वेळखाऊ, पण लांबून वाचता येतात. म्हणून एस.टी.च्या खिडकीतून दिसावे असे लिखाण बहुधा ठोकळ्याचे. त्यावर शेड. बहुतेक पेंटर सावली उजवीकडे आणि खाली टाकतात, म्हणजे उजेड डावीकडून वरून येतो असे धरून चालतात. एकाच भिंतीवर दोन बाजूंना सावल्या दिसल्या तर तिथे दोन हातांनी काम केले असे समजावे. चुन्यावर तैलरंग पटकन शोषला जातो, म्हणून जिथे काम टिकायला हवे तिथे आधी प्रायमर लागतो. नुसता पावडर रंग डिंकात किंवा फेविकॉलमध्ये कालवून मारलेला असेल तर दोन पावसाळ्यांत फिकटतो. उजव्या कोपऱ्यात खाली, बोटभर अक्षरात, पेंटरचे नाव आणि पुष्कळदा मोबाइल नंबर असतो. न्यूयॉर्कमधल्या सह्यांवर पुस्तके निघाली. या सह्यांकडे गिऱ्हाइकाखेरीज कोणी पाहत नाही.

जाहिरातीच्या भिंतीचा सौदा साधा असतो. कंपनीला रस्त्याची बाजू हवी असते, घरमालकाला भिंत रंगवून हवी असते. भाड्याचे पैसे क्वचितच हातात पडतात. बहुधा भिंत फुकटात रंगवून मिळते आणि तेवढ्यावर मालक खूश असतो. कोणत्या वस्तूंच्या जाहिराती कुठे आहेत यावरून मुलखाचे अर्थकारण उलगडते. घाटाखालच्या कपाशीच्या पट्ट्यात बियाणे आणि कीटकनाशके. देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये बीजोत्पादन चालते आणि पलीकडचे जालना हे बियाण्यांच्या धंद्याचे जुने ठाणे आहे, ‘महिको’ची स्थापना तिथे १९६४ साली झाली. त्यामुळे त्या रस्त्यांवर बियाण्यांच्या भिंती दिसाव्यात यात नवल नाही. शिवाय सिमेंट, जालन्याच्या सळया, ठिबकच्या नळ्या. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर भिंतींवरच्या वाणांच्या नावांना ऊत आला. एका भिंतीवर एकाखाली एक चार-पाच वाण वाचायला मिळणे म्हणजे त्या भागात कोणते बियाणे केव्हा चालले याची रंगात ठेवलेली नोंदवहीच.

राजकीय लिखाणाचा इतिहास निवडणूक-चिन्हांपासून सुरू होतो. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून चिन्ह काढता येणे हे कार्यकर्त्याचे पहिले कौशल्य. काँग्रेसची बैलजोडी काढायला अवघड, पण शेतकऱ्याला ती शिकवावी लागत नव्हती. फुटीनंतर इंदिरा गांधींच्या पक्षाकडे गाय-वासरू आले आणि १९७८ नंतर हाताचा पंजा. पंजा तर तळहात गेरूत बुडवून दाबला तरी उमटतो. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने १९५२ साली लढवलेले हत्ती हे चिन्ह पुढे रिपब्लिकन भिंतींवर टिकून राहिले. नव्वदच्या दशकात मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी आचारसंहितेचा बडगा उगारला आणि भिंती पुसायला लावल्या. आता खासगी भिंतीवरसुद्धा प्रचार लिहायचा तर स्थानिक कायद्यात मुभा हवी आणि मालकाची लेखी संमती हवी. महाराष्ट्रात त्यावर आणखी १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. परवानगीविना सार्वजनिक नजरेतली जागा खराब केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड. कायदा कडक आहे, पण भिंतीवरच्या डागडुजीकडे पाहिल्यास तो कितपत धाक बसवतो ते दिसते. निवडणूक जाहीर होताच चुन्याचा एक हात फिरतो आणि निकालानंतर त्या चुन्याखालून जुने नाव हळूहळू पुन्हा डोके वर काढते.

पक्षांपलीकडे समाजांच्या भिंती आहेत आणि त्या अधिक टिकाऊ ठरल्या आहेत. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारीच्या जयंतीला तिथे लोटणाऱ्या गर्दीसाठी वाटेवरच्या गावांत भगव्या कमानी उभ्या राहतात आणि ‘जय जिजाऊ’ची अक्षरे नव्याने उजळतात. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीआधी निळ्या रंगाची तीच धांदल. धनगर वस्तीत पिवळा, मुस्लीम मोहल्ल्यात हिरवा. कोणत्या रंगाची भिंत गावाच्या तोंडाशी आहे आणि कोणती नाल्यापलीकडे, यावरून गावाची वस्ती कशी बसली आहे ते पाहुण्यालाही कळते. हे सगळेच सुखावह नाही. महापुरुषाच्या नावावर दुसरा रंग फासला गेला तर गावात तणाव होतो. इथे रंग मालकी सांगतो.

रागाचे लिखाण याहून वेगळे. शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकात ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा कापूसपट्ट्यात घराघरांवर नेली. अशा लिखाणात अक्षराची सफाई नसते आणि ती असावी अशी अपेक्षाही नसते. वर्धा जिल्ह्यातील डोरली गावाने २००५ च्या सुमारास ‘गाव विकणे आहे’ असे लिहून टाकले आणि त्या तीन शब्दांची दखल देशभर घेतली गेली. २०२३ मध्ये आरक्षण आंदोलनाच्या वेळी मराठवाड्यात आणि आसपास गावोगावच्या वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. अशा वेळी भिंत ज्याची तोच लिहितो. गंमत अशी की एरवी पुढाऱ्यांनीच सगळी वेस अडवलेली असते.

सरकार हे भिंतींचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. साठच्या दशकातला कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण निरक्षरालाही ओळखू येईल इतका सोपा होता आणि आजही आरोग्य उपकेंद्रांवर टिकून आहे. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि स्पर्धेतल्या गावांनी भिंती म्हणींनी भरून टाकल्या. ज्या बाबांनी आयुष्यभर स्वतः खराटा चालवला, त्यांच्या नावाखालचा पुष्कळसा उत्साह रंगावरच खर्ची पडला, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. त्यामुळे २०१५ साली सुरू झालेल्या ‘बेटी बचाओ’ योजनेच्या पहिल्या टप्प्यात हा जिल्हा होता. भिंतीवरची पोरगी हातात पाटी घेऊन हसते. ती तिथे का आहे ते आकडा माहीत असलेल्यालाच उमगते. सरकारी भिंतींत सर्वांत उपयोगी ठरल्या त्या शाळांच्या ‘बोलक्या भिंती’. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शिक्षकांनी फरशीसुद्धा अंक-अक्षरांनी रंगवली आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर तो प्रकार जिल्हा परिषद शाळांत सर्वत्र पोचला. मुलाच्या उंचीला लिहिलेली बाराखडी मुले बोट फिरवून झिजवतात. मोठ्यांच्या उंचीला लिहिलेली पाहुण्यांसाठी कोरी करकरीत राहते. शाळा पाहणाऱ्याने हा फरक जरूर तपासावा.

शहरी अर्थाने जी स्ट्रीट आर्ट, तिची ओळख महाराष्ट्राला गेल्या दीड दशकात झाली. मुंबईत रणजित दहिया यांनी वांद्र्याच्या एम.टी.एन.एल. इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवले, ससून डॉकवर २०१७ साली चित्रप्रकल्प झाला. दिल्लीतला ‘डाकू’ आपले नाव देवनागरीत रंगवतो आणि चेहरा दाखवत नाही. विदर्भात चंद्रपूर आणि बल्लारशाह स्थानकांच्या भिंतींवर वाघ-वनांची चित्रे निघाली आणि २०१८ साली रेल्वेच्या सौंदर्य स्पर्धेत ती स्थानके पहिली आली. नाव मिरवण्याची हौस मात्र जुनी. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली ‘टाकी १८३’ अशी सही जागोजाग करणाऱ्या एका पोऱ्याची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा सह्यांचे पेव फुटले. १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक होता. बुलढाण्याची पोरे मोटारसायकलवर जिल्ह्याचा वाहन-क्रमांक ‘एमएच २८’ मोठ्या अक्षरात मिरवतात, ती ऊर्मी त्याच जातीची.

नोंद ठेवणाऱ्यासाठी एप्रिल-मे हा काळ चांगला. उन्हाळ्यात भिंती कोरड्या असतात, पावसात रंग वाहतो आणि दिवाळीपूर्वीच्या चुन्यात वर्षभराचे लिखाण झाकले जाते. सकाळचे तिरपे ऊन पडले की चुन्याखालच्या जुन्या अक्षरांचे उंचवटे उठून दिसतात. दुपारी ते दिसत नाहीत. छायाचित्र भिंतीसमोर सरळ उभे राहून, दार-खिडकीसकट घ्यावे, म्हणजे अक्षराचा आकार कळतो. गाव, रस्ता, तारीख आणि कोपऱ्यातले पेंटरचे नाव टिपावे. मोबाइल नंबर मात्र छापू नये. खासगी घर असेल तर मालकाला विचारावे. बहुतेक वेळा भिंत केव्हा रंगवली, कोणी रंगवली आणि त्याआधी तिच्यावर काय होते हे सगळे तोच सांगतो. फ्लेक्स स्वस्त झाल्यापासून पेंटरांची कामे कमी झाली, काहींनी फ्लेक्सचीच दुकाने काढली. जुने पेंटर घाटावर आणि घाटाखाली अजून भेटतात. हाताने काढलेल्या अक्षराचा दर ते आजही चौरस फुटावरच सांगतात.