टेकरीच्या मापाने भूतान

देवासच्या माणसाकडे उंची मोजायचं एकच माप असतं: टेकरी. चामुंडा मातेची, गावाच्या डोक्यावर सुमारे ३०० फूट उभी असलेली. तेव्हा भूतानचा बेत आखताना मीटर-बिटर पुस्तकात राहू द्या. एक टेकरी म्हणजे ३०० फूट. कागद घ्या, पेन्सिल घ्या, बसा शेजारी.

आधी भूतानला 'छोटासा देश' म्हणण्याचं प्रकरण निकालात काढू. छोट्या राज्यांचं कौतुक आम्हाला कोण सांगणार? देवासात पवारांच्या दोन पाती, थोरली आणि धाकटी. गाव एक, राजे दोन, दरबार दोन, आणि दोन्ही संस्थानं एकत्र केली तरी नऊशे चौरस मैल भरत नव्हते. भूतान आहे ३८,३९४ चौरस किलोमीटर. थोरली-धाकटीच्या सोळा जोड्या त्यात घाला, तरी जागा उरते! आजचे धार आणि देवास हे दोन्ही जिल्हे जोडा. भूतान त्यांच्याही अडीचपट. आता माणसं मोजू. या दोन जिल्ह्यांत २०११ साली साडेसदतीस लाख. आणि अख्ख्या भूतानात, २०१७ च्या जनगणनेत, सव्वासात लाख! एकट्या देवास जिल्ह्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. राजधानी थिंफूची वस्ती १,१४,५५१. आमचं देवास शहर त्याच्या अडीचपट. राजधानीत ट्रॅफिक सिग्नल एकही नाही. चौकात पोलीस उभा राहून हातवारे करतो, तेवढ्यावर भागतं.

आता पैशांकडे वळू. हॉटेल, जेवण, गाडी हे वेगळं. त्याआधी सरकार नुसतं तिथे राहण्याचं शुल्क घेतं. भारतीयाला माणशी, रात्रीला १,२०० रुपये. म्हणजे तासाला पन्नास. आठ तास घोरलात की चारशे गेले! आई, बाबा, आजी आणि दहा वर्षांचा चिरंजीव (त्याला निम्मे) असे चौघे सात रात्री राहिलात, तर २९,४०० रुपये. डोळे पांढरे करू नका, अमेरिकन पाहुण्याला हेच माणशी, रात्रीला शंभर डॉलर पडतात. आपण स्वस्तात सुटतो. शिवाय नोटा बदलायची कटकट नाही, तिथला एक ङुलट्रम म्हणजे आपला एक रुपया. देवासला तर १९७४ पासून नोटांचा छापखानाच आहे, पण गावात छापतात म्हणून गावकऱ्यांच्या खिशात जास्त येतात असं काही अजून घडलेलं नाही. शुल्काचे दर मात्र निघण्याआधी एकदा पडताळून घ्या, ते बदलत असतात.

प्रवास. धारकरांनी आधी इंदूर गाठायचं. तिथून न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वेने अदमासे दोन हजार किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. म्हणजे दहा वेळा मुंबईहून पुण्याला, तेही मध्ये खाली न उतरता. शेवेचा डबा मोठाच घ्या. पुढे दीडेकशे किलोमीटरवर जयगाव. तिथे एक कमान ओलांडली की भूतानातलं फुन्शोलिंग, आणि घड्याळ अर्धा तास पुढे.

फुन्शोलिंगहून थिंफूचा रस्ता दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचा. अरे, हे तर आपलं मुंबई-पुणे! पण थांबा. मुंबईहून पुण्याला माणूस चढतो सहा टेकऱ्या. इथे चढायच्या बावीस! वेळ पाच-सहा तास. आणि त्याबद्दल कुरकुर करायची नाही, कारण १९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा हा रस्ताच नव्हता. भारताचे पंतप्रधान तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून वळसा घेऊन, घोडा-याकाच्या पाठीवरून पोहोचले होते. मग आपल्याच सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने डोंगर फोडला.

या रस्त्याच्या अंगाला डोंगराच्या पोटात एक गंमत दडली आहे. ताला जलविद्युत प्रकल्प. धरण ९२ मीटर उंच. आपल्या नर्मदेवरचं इंदिरा सागर किती? तेही ९२ मीटर. वीज? तिकडे १,०२० मेगावॅट, इकडे १,०००. जुळी भावंडं म्हणा ना! पण इंदिरा सागरच्या पाण्याने ९१३ चौरस किलोमीटर जमीन झाकली, हरसूदसारखं नांदतं गाव गिळलं. तालाला असं काही लागलंच नाही. तिथे पाणी २३ किलोमीटरच्या बोगद्यातून येतं आणि साडेनऊ टेकऱ्या खाली कोसळतं. माळव्यातली पन्नास फुटांची विहीर घ्या, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा छप्पन विहिरी एकीखाली एक खणा. तेवढी खोल उडी. टर्बाइन कशी फिरते ते इंजिनिअर जाणोत. आपण फक्त आ वासायचा.

थिंफूला पोहोचलात की डोंगरावर बसलेला सोनेरी बुद्ध दिसेल. उंची पन्नास मीटरच्या वर, म्हणजे जेमतेम अर्धी टेकरी. हात्तिच्या? पण आत जा. आत बुद्धाच्या छोट्या मूर्ती आहेत १,२५,०००. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न चहा पिता मोजल्या तरी चौतीस तास उलटून जातील! इंदूरला गाडीत बसल्या बसल्या मोजायला घेतल्या, तर दुसऱ्या दिवशी रात्रीही मोजणी चालूच. आणि थिंफूची वस्ती आठवते ना? शहरातल्या माणसांपेक्षा एका इमारतीतले बुद्ध जास्त.

पारोचा तक्त्संग मठ, १६९२ चा, कड्याला चिकटलेला. खोऱ्याच्या तळापासून दहा टेकऱ्या वर. गाडी थोडं वर सोडते, तरी पायी पाच-सहा टेकऱ्या उरतात, आणि आपल्यासारखा रोपवे नाही. आजींचे गुडघे आजच विचारून घ्या.

आणि आता श्वास रोखा. भूतानचा सगळ्यात सखल भाग समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत, म्हणजे एक टेकरी. सगळ्यात उंच शिखर, गांगखर पुएनसुम, ७,५७० मीटर. त्र्याऐंशी टेकऱ्या! साडेचार कळसूबाई एकावर एक! आणि देशाची उत्तर-दक्षिण रुंदी १७० किलोमीटरच्या आसपास. पुन्हा तेच, मुंबई-पुणे. कल्पना करा, दादरला गाडीत बसलात, आणि शिवाजीनगर आलं ते साडेसात किलोमीटर आकाशात! या शिखरावर आजवर पोहोचलेली माणसं किती? शून्य. २००३ पासून तर देशभर गिर्यारोहणालाच बंदी आहे.

बॅग भरण्याआधी एवढं करा. सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र शोधा, चिरंजीवांसाठी जन्मदाखला. १३० कोटींहून अधिक भारतीयांकडे असलेलं आधार कार्ड सव्वासात लाखांच्या त्या देशात चालत नाही.