रेडिएटरला बोअरचं पाणी नको! कूलंट घेताना रंग नाही, लेबल बघा



कांदा काढणी, गहू-हरभऱ्याची मळणी आणि त्यामागोमाग नांगरट. पुढचे दोन-तीन महिने ट्रॅक्टर आणि पिकअप दोन्ही भर उन्हात राबणार. याच दिवसांत इंजिन तापतं, हेड गॅसकेट जातं, आणि भरलेली गाडी बाजारच्या वाटेवर उभी राहते. गॅरेजमध्ये झाकण उघडलं की आत तांबूस गढूळ पाणी निघतं. कूलंट नसतंच. म्हणून आजचा मेसेज जरा मोठा आहे, सवडीने वाचा.

*साधं पाणी का नको?*
ड्रीप वापरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ड्रीपरच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो आणि जो काढायला आपण आम्ल सोडतो, तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या पाण्याच्या वाटांमध्ये बसतात. तिथे पाणी तापतं, त्यामुळे थर आणखी लवकर धरतो. थरातून उष्णता बाहेर पडत नाही. काटा मधोमध दिसत असला तरी हेडजवळचा एखादा कोपरा जास्त तापलेला असू शकतो. (ड्रीपचं आम्ल रेडिएटरमध्ये मात्र कुणी ओतू नका. ॲल्युमिनियम खाऊन टाकेल.)

दुसरी गोष्ट गंजाची. इंजिनमध्ये बीड, ॲल्युमिनियम, पितळ, रबर असं सगळं एकत्र असतं. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं आणि गंज रोखणारी रसायनं असतात. आपल्याकडे खरा उपयोग या रसायनांचा आहे. बाटलीवर 'अँटीफ्रीझ' लिहिलेलं बघून काही जण म्हणतात, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? बरोबर आहे, निफाडला पारा कितीही उतरला तरी रेडिएटर गोठून फुटल्याचं आपण ऐकत नाही. पण गंज आणि उकळणं हे दोन्ही आपल्याकडे आहे.

डिझेल इंजिनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. इंजिन चालताना लायनर थरथरतो, त्याला लागून बारीक बुडबुडे फुटतात आणि लोखंडाला टाचणीएवढी भोकं पडत जातात. भोक आरपार गेलं की पाणी आत शिरतं आणि ऑइल दुधाळ होतं. मग पूर्ण इंजिनकाम निघतं. योग्य कूलंट लायनरवर संरक्षक पापुद्रा धरतं. साधं पाणी तसं करत नाही.

*रंगावर जाऊ नका*
हिरवं, निळं, गुलाबी, पिवळं. हे फक्त रंग आहेत. कोणत्या रंगाचं कूलंट कोणत्या जातीचं, असा सगळ्या कंपन्यांना लागू नियम नाही. एका कंपनीचं हिरवं आणि दुसरीचं हिरवं आतून पूर्ण वेगळं असू शकतं. "माझ्यात हिरवं होतं, हिरवंच द्या" म्हणून घेतलेलं कूलंट चुकीचं निघू शकतं, आणि दुकानदारालाही ते कळेलच असं नाही.

जाती ढोबळमानाने तीन. जुन्या पद्धतीचं कूलंट सिलिकेट-फॉस्फेटसारख्या क्षारांवर चालतं, ते साधारण 2 वर्षांत थकतं. दुसरं ऑरगॅनिक ॲसिडवालं, लेबलवर 'ओएटी' किंवा 'लाँग लाइफ' असतं, ते साधारण 5 वर्षांपर्यंत जातं. तिसरं दोन्हींचं मिश्रण, 'हायब्रिड'. महागडं ते चांगलं असं नाही. तुमच्या ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या पुस्तकात जी जात लिहिली आहे, तीच तुमची. जुन्या ट्रॅक्टरचा तांब्या-पितळेचा रेडिएटर आणि नव्या कारचा ॲल्युमिनियमचा, यांची गरज एक नसते. पुस्तक हरवलं असेल तर डीलरकडे मॉडेल आणि साल सांगून विचारा.

लेबलवर मानकाचा क्रमांक आहे का तेही बघा. आयएस 5759, जेआयएस के 2234 किंवा एएसटीएम डी 3306 असं काहीतरी छापलेलं हवं. जड डिझेल इंजिनसाठी एएसटीएम डी 6210 असतं. ज्या कॅनवर नुसता इंजिनचा फोटो आणि 'सुपर कूल' लिहिलंय, मानक नाही, प्रमाण नाही, तो कॅन दुकानातच राहू द्या. त्यात रंगीत पाणीही असू शकतं.

दोन जाती एकमेकांत मिसळू नका. दोन्हींची ताकद कमी होते, कधी कधी आत साकाही धरतो.

*तयार की कॉन्सन्ट्रेट?*
सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'रेडी टू यूज' असेल तर पाणी अजिबात घालायचं नाही, तसंच ओतायचं. कॉन्सन्ट्रेट असेल तर लेबलवर प्रमाण असतं. 1:3 म्हणजे 1 भाग कूलंट, 3 भाग पाणी. हे पाणी डिस्टिल्डच हवं, बॅटरीसाठी मिळतं ते. अगदीच अडलं तर घरच्या आरओचं एक वेळ चालेल, विहिरीचं किंवा बोअरचं नाही.

कॉन्सन्ट्रेट नुसतं ओतलं तर जास्त थंड राहील, हाही गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्याचं काम ग्लायकॉलपेक्षा पाणी चांगलं करतं. नुसत्या कॉन्सन्ट्रेटवर इंजिन उलट जास्त तापेल.

आता हिशोब. समजा तुमच्या ट्रॅक्टरमध्ये 10 लिटर मावतं आणि प्रमाण 1:3 आहे. म्हणजे कूलंट अडीच लिटर, पाणी साडेसात लिटर. पण रेडिएटरचा खालचा नळ उघडला तरी ब्लॉकमधलं पाणी आतच राहतं. धुऊन काढल्यावर 2-3 लिटर साधं पाणी आत असताना वरून मिश्रण ओतलं, तर ते पातळ होतं. म्हणून ब्लॉकचा ड्रेन प्लगही उघडायला लावा. शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने करा. मग आधी पूर्ण अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट घाला आणि उरलेलं पाण्याने भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन थोडा वेळ चालवा, हवा निघते, पातळी खाली जाते. दुसऱ्या दिवशी थंड असताना परत बघून भरा.

*झाकण विसरू नका*
रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नाही. ते आत दाब धरून ठेवतं. उघड्यावर पाणी 100 अंशांना उकळतं, पण 0.9 बारच्या झाकणाखाली तेच पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर फाटलं की हा सगळा फायदा गेला, कूलंट कितीही भारी असो. नवं घेताना जुन्यावर छापलेला आकडा दाखवूनच घ्या.

तसंच, तापणारं प्रत्येक इंजिन कूलंटमुळे तापत नाही. मळणीनंतर रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि धूळ घट्ट बसते. फॅनच्या बाजूने बाहेर अशी हवा मारून रोज साफ करा. फॅन बेल्ट ढिला आहे का तेही बघा. हे फुकटचं काम आधी, खर्च नंतर. आणि आयशरच्या काही मॉडेलसारखा एअर कूल्ड ट्रॅक्टर असेल तर त्याला कूलंट लागतच नाही, फक्त पंखे आणि फिन्स स्वच्छ ठेवा.

*रस्त्यात तापली तर*
गाडी बाजूला घ्या, बंद करा, निदान अर्धा तास थांबा. गरम असताना झाकण उघडलं तर वाफ आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर पिण्याचं स्वच्छ पाणी भरून घर गाठा, आणि त्याच आठवड्यात सगळं काढून नीट कूलंट भरा.

*जनावरं आणि लेकरं*
बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं आणि जबर विषारी आहे. काढलेलं कूलंट पाटीत किंवा घमेल्यात उघडं ठेवू नका, कुत्रं किंवा वासरू चाटतं. पाण्याच्या जुन्या बाटलीत तर मुळीच भरू नका. कुणाच्या पोटात गेलं तर सुरुवातीला दारू प्यायल्यासारखं झिंगल्यागत होतं, मग थोडं बरं वाटतं, आणि नंतर मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून बरं वाटण्याची वाट न बघता लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, सोबत तो कॅनही न्या. जनावरासाठी पशुवैद्यकाला तसंच कळवा. जुनं कूलंट विहिरीजवळ, पाटात किंवा गोठ्यामागे ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.