हिमातला ओट्झी आणि मातीतले इनामगाव

इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात सुमारे ३,२१० मीटर उंचीवर, १९ सप्टेंबर १९९१ रोजी दोन पदभ्रमणकर्त्यांना वितळत्या बर्फातून वर आलेला मानवी देह दिसला. प्रथम तो अलीकडच्या अपघातातील मृतदेह वाटला. प्रत्यक्षात तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. ‘ओट्झी’ या नावाने तो आज जगाला परिचित आहे.

इजिप्तमधील ममी माणसांनी क्षार व लेप लावून टिकविल्या. ओट्झीला थंडीने टिकविले. देह कुजविणाऱ्या जिवाणूंना ऊब लागते, ती बर्फात मिळाली नाही. त्यामुळे त्याच्या त्वचेवरील ६१ गोंदणखुणा, पोटातील रानबोकडाचे व हरणाचे मांस आणि गव्हाचे दाणेही अभ्यासता आले. त्याच्या कुऱ्हाडीचे तांबे दूरच्या टस्कनीतील असल्याचे रासायनिक परीक्षणातून दिसले. डाव्या खांद्यात रुतलेले गारगोटीचे बाणाग्र २००१ मध्ये क्ष-किरणांनी उघड केले आणि त्याची हत्या झाल्याचे सिद्ध झाले.

आपल्या उष्ण, दमट हवामानात असा देह टिकणे दुरापास्त. गोव्याच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत तर हाडेही सहसा विरून जातात. कुशावतीकाठची पणसायमळ येथील चित्रे राहिली, कारण ती खडकात कोरलेली आहेत. दख्खनच्या चुनखडीयुक्त मातीत मात्र हाडे तग धरतात. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दफने मोठ्या संख्येने सापडली. मुलांना दोन कुंभांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखाली पुरत. प्रौढांना पुरताना पावले तोडत. एका पुरुषाला मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात, पावलांसह, बसविलेले होते. मृत्यूतही मानाचे स्थान वेगळे असे, हे यावरून ध्यानात येते. हाडे व दात यांवरून तज्ज्ञांनी त्या लोकांचा आहार, आजार आणि बालकांची वाढ अभ्यासली.

ओट्झीला आज बोल्झानोच्या संग्रहालयात उणे ६ अंश तापमानात जपले जाते. आपल्याकडील अशा वस्त्यांची ‘पांढरी’ची टेकाडे मात्र खतासाठी माती उपसून किंवा शेतासाठी सपाट करून नाहीशी होत आली आहेत. हाड कोणत्या थरात, कोणत्या भांड्याजवळ होते, हे कळले तरच ते बोलते. माती हलली की ती साक्ष कायमची बुडते. आपल्यापाशी हिमनदी नाही. ही पांढरी मातीच आपला बर्फ आहे.