चुकून पडलेले नाव : ‘कनारीं’

उदगीर, निलंगा, देगलूर या भागात मराठीबरोबर कानडीही कानावर पडते. त्यामुळे कानडी कोणाला म्हणायचे, हे इथल्या मुलांना शिकवावे लागत नाही. पोर्तुगीजांनी मात्र गोव्यातील कोकणी बोलणाऱ्या लोकांनाच ‘कनारीं’, म्हणजे कानडी, असे नाव दिले. हे कसे घडले?

‘कानडा’ या शब्दाचे पोर्तुगीजांनी ‘कनारा’ केले. जीभ मागे वळवून उच्चारायचा ‘ड’ त्यांच्या भाषेत नाही. तो पटकन उच्चारला की त्यांना ‘र’सारखा ऐकू येई. कनाऱ्याचा रहिवासी तो ‘कनारीं’. अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा जिंकले. त्याआधी तेथे कदंब आणि विजयनगर यांची सत्ता होऊन गेली होती. 1472 मध्ये महमूद गावानने गोवा बिदरच्या बहामनी राज्याला जोडले, नंतर ते विजापूरकडे गेले. ही सारी राज्ये कर्नाटकाशी निगडित. राज्यकर्त्यांच्या मुलखावरून परक्यांनी प्रजेचे नाव ठरवले असावे. लोकांची बोली मात्र कोकणी, म्हणजे मराठीची सख्खी बहीण; कानडी हे द्राविडी कुळ.

ही गफलत पुस्तकांतही शिरली. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण 1640 मध्ये राशोल येथे छापले गेले, ते ‘कनारीं भाषेचे व्याकरण’ म्हणून. कुन्य रिव्हार यांनी 1857 मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली, तेव्हा नाव ‘कोकणी भाषेचे व्याकरण’ असे केले. शब्द मात्र पुसला गेला नाही. पुढे तो गोवेकराला हिणवण्यासाठीही वापरला गेला. 1992 मध्ये कोकणीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला, तो तिच्या स्वतःच्या नावाने.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. एखाद्या समाजाला इतरांनी दिलेले नाव त्या समाजापेक्षा नाव देणाऱ्याच्या समजुतीबद्दल अधिक सांगते. नांदेड-लातूरच्या तांड्यांवरील मुलांना गावकरी ‘लमाण’ म्हणतात. ती स्वतःला ‘गोर’ आणि आपल्या बोलीला ‘गोरमाटी’ म्हणतात. आपल्या वर्गात दोन रकाने आखून पाहा : ‘आम्ही स्वतःला काय म्हणतो’ आणि ‘लोक आम्हाला काय म्हणतात’. दोन्हींत फरक दिसला, तर त्याचे कारण मुलांनाच शोधू द्या. आणि हजेरी घेताना, हाक मारताना पहिल्या रकान्यातील नाव वापरा.