स्लॅबचा दाह आणि घरातील ज्येष्ठ

इस्लापूर परिसरात पै-पै जोडून बांधलेल्या घरावर स्लॅब पडला, की कुटुंबाला कृतार्थ वाटते. उन्हाळ्यात मात्र हाच स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि रात्री ती उष्णता खालच्या खोलीत सोडतो. वार्धक्यात तहान व घाम दोन्ही मंदावतात. म्हणून अशी रात्र ज्येष्ठांना अधिक बाधते.

जुन्या माळवदाचा मातीचा थर घर थंड राखी. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड दगडी भिंती आणि हीच माती अनेकांच्या जिवावर बेतली. गारव्यासाठी स्लॅबवर मातीचे ओझे लादू नये.

त्याऐवजी फाल्गुनातच गच्ची धुऊन चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. पावसाने चुना धुपतो, म्हणून दरवर्षी तो नव्याने द्यावा. ऐपतीप्रमाणे वर हातभर अंतर राखून शेडनेट बांधावे. मधून वारा खेळू द्यावा.

तरीही खोली तापलीच, तर वडीलधाऱ्यांची खाट रात्री तेथून हलवावी. डॉक्टरांनी पाणी मर्यादित केले नसेल, तर तहानेची वाट न पाहता ते वरचेवर द्यावे. अंग तापून बोलणे असंबद्ध झाले, तर विलंब न करता १०८ क्रमांकावर कळवावे आणि रुग्णवाहिका येईतो अंग ओले करून वारा घालावा.